एकट्याच्या पराक्रमाचें थोतांड

अलीकडे आपल्याकडे एक मत फार ठासून मांडलें जाऊं लागलें आहे. डोंगरवाटांनीं पन्नास, शंभर मैल धांवणाऱ्या माणसाला मित्रांनीं वाटेंत पाणी दिलें, अंधारांत वाट दाखविली, थांब्यावर गरम खाणें हातांत ठेवलें, तर त्याचा पराक्रम निर्भेळ राहत नाहीं. खरा पराक्रम एकट्याचा. सोबत आली कीं त्यांत पाणी मिसळलें, असें हें मत आहे. सिंहगड, राजगड, तोरणा या डोंगररांगेंत लांब पल्ल्याच्या शर्यती होऊं लागल्यापासून तें सुशिक्षित घरांतूनहि ऐकूं येतें. आणि त्याच घरांत दुसरेंहि एक मत ऐकूं येतें: ज्याला स्वतःला धांवावयाचें नाहीं त्यानें मित्राच्या धांवण्यापायीं दोन रात्री डोंगरांत कां घालवाव्या? ना बिल्ला, ना प्रशस्तिपत्र, ना वर्तमानपत्रांत नांव! पहिलें मत सोबत्याला कलंक ठरवितें, दुसरें त्याला मूर्ख ठरवितें. आमच्या मतें हीं दोन्ही एकाच खोट्या कल्पनेचीं अपत्यें आहेत. ती कल्पना ज्या खेळाच्या आधारें मांडली जाते, त्या खेळाचाच इतिहास तिच्या विरुद्ध साक्ष देतो, हें दाखविणें हा या लेखाचा हेतु आहे.

इंग्लंडच्या वायव्य भागांत सरोवरांचा प्रांत आहे. वर्ड्स्वर्थच्या कवितांमुळें आमच्यासारख्या पदवीधरांना तो न पाहतांहि ओळखीचा झालेला असतो. त्या प्रांतांतील केझिक या गांवीं पाहुण्यांसाठीं उतरण्याचें घर चालविणारे बॉब ग्रॅहॅम नांवाचे गृहस्थ होते. १९३२ च्या जून महिन्यांत ते गांवांतील मूट हॉलपासून निघाले आणि ४२ शिखरें चढून २३ तास ३९ मिनिटांत पुन्हां त्याच दारीं आले. या फेरीचें अंतर सुमारें ६६ मैल, आणि सर्व चढ एकत्र केला तर तो सुमारें २७,००० फूट भरतो. म्हणजे समुद्रसपाटीपासून एव्हरेस्टची जी उंची, तिच्याहून थोडाच कमी. ग्रॅहॅम यांच्या पायांत टेनिसचे साधे बूट होते, अंगांत अर्धी विजार आणि झोपतांना घालावयाचा सैल कोट होता. पुढें २८ वर्षें या फेरीची बरोबरी कोणालाहि करतां आली नाहीं; १९६० सालीं ॲलन हीटन यांनीं ती प्रथम केली. एकट्याच्या पराक्रमाचें स्तोत्र गाणाऱ्यांना याहून चांगला नायक शोधूनहि सांपडणार नाहीं. एक लहानशी अडचण मात्र आहे: ग्रॅहॅम एकटे नव्हते. फेरीच्या निरनिराळ्या टप्प्यांवर त्यांचे मित्र त्यांच्याबरोबर होते. तेच त्यांचे वाटाडे, तेच साक्षीदार.

ही अडचण झांकण्याऐवजीं त्या प्रांतांतील लोकांनीं तिचाच नियम केला, ही गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. १९७१ सालीं या फेरीसाठीं एक मंडळ स्थापन झालें. चोवीस तासांच्या आंत फेरी पुरी करणाऱ्यालाच त्याचें सभासद होतां येतें. पण तेवढ्यानें भागत नाहीं. बेचाळीसांपैकीं प्रत्येक शिखरावर धांवणाऱ्याबरोबर दुसरें कोणी तरी हजर असलें पाहिजे, आणि शिखर गांठल्याची वेळ टिपली गेली पाहिजे. एकट्यानें ही फेरी करणारेहि आहेत, आणि त्यांच्या दमदारपणाबद्दल कोणी शंका घेत नाहीं. परंतु मंडळाच्या यादींत त्यांची फेरी बसत नाहीं. म्हणजे आपल्याकडील टीकाकार ज्याला भेसळ म्हणतात, ती तेथें पराक्रमाची अट आहे! आजवर अडीच हजारांहून अधिक माणसांनीं ती अट पाळून ही फेरी पुरी केली आहे. या सर्वांचा पराक्रम हिणकस असें म्हणण्याची ज्याची तयारी असेल त्यानें तें खुशाल म्हणावें. पण त्यापूर्वीं केझिकच्या उत्तरेकडील स्किडॉ पर्वतावर पहांटे दोन वाजतां, धुक्यांत, एकदां चढून यावें.

आतां हा सोबती करतो तरी काय, तें नीट पाहूं. फेरीचे पांच टप्पे पडतात. जेथें मोटरचा रस्ता डोंगरवाटेला येऊन मिळतो तेथें एक टप्पा संपतो व दुसरा सुरू होतो. या चार ठिकाणीं कांहीं मंडळी चूल पेटवून बसलेलीं असतात. धांवणारा येण्यापूर्वीं चहा झालेला असावा लागतो, कोरडे मोजे बाहेर काढून ठेवलेले असावे लागतात, विजेरीचे सेल बदललेले असावे लागतात. पंधरा वीस तास धांवलेल्या माणसाला "तुला काय हवें?" असें विचारून चालत नाहीं, कारण त्या वेळीं त्याची निवड करण्याची शक्तीच थकलेली असते, खाणें त्याच्या हातांत द्यावें लागतें. टप्प्यावरून त्याच्याबरोबर एक दोघे निघतात. त्यांच्या पाठीवर त्याचें पाणी, त्याचें खाणें, त्याचे उबदार कपडे. त्यांच्या हातांत नकाशा व होकायंत्र. टप्पा संपला कीं हे थांबतात, दुसरे निघतात. धांवणारा मात्र तोच राहतो. स्कॉफेल पाइक व स्कॉफेल या दोन उंच शिखरांच्या मधें ब्रॉड स्टँड नांवाचा एक अवघड कडा आहे. पुष्कळदां तेथें एखादा मित्र आधींच चढून जातो, दोर लावतो, आणि आपला माणूस येईपर्यंत वाऱ्यांत बसून राहतो. तो येतो, दोर धरून वर चढतो, कांहीं मिनिटांत पुढें जातो. मग हा मित्र दोर गुंडाळतो आणि एकटाच खालीं उतरतो. या सबंध हकीकतींत त्या कड्यावर खरोखर एकटा असा कोणी असेल तर तो हा मित्र होय. आणि त्याचें नांव कोठेंहि छापून येत नाहीं.

यावर टीकाकार म्हणतील, "पाहा, इतकी मदत घेतल्यावर उरलें काय?" उरतात ते सारे चढ, महाशय! मित्राला पिशवी वाहतां येते, वाट दाखवितां येते, वेळ टिपतां येते; पाऊल मात्र उचलून देतां येत नाहीं. सत्तावीस हजार फुटांपैकीं एक फूटहि कोणी दुसऱ्याच्या खात्यावर चढूं शकत नाहीं. ज्या मदतीनें श्रम कमी होतात ती मदत वेगळी, आणि ज्या मदतीनें श्रम शक्य होतात ती वेगळी. मोटरींत बसवून दोन मैल पुढें नेऊन सोडणें ही पहिल्या जातीची मदत. ती लबाडी आहे, आणि ती लबाडी नाहीं असें कोणीहि म्हटलेलें नाहीं. हातांत पाण्याचा पेला ठेवणें ही दुसऱ्या जातीची. आमच्या टीकाकारांचा सारा युक्तिवाद या दोन जातींची सरमिसळ करण्यावर उभा आहे.

सोबतीनें पराक्रम खालावतो हें मत खरें असतें, तर जे या खेळांत सर्वांत वर पोंचले त्यांनीं तरी सोबतीचा तिरस्कार केला असता. प्रत्यक्ष घडलें तें याच्या उलट. १९८२ सालीं बिली ब्लंड नांवाच्या त्याच प्रांतांतील एका गवंड्यानें ही फेरी १३ तास ५३ मिनिटांत केली. हा उच्चांक ३६ वर्षें टिकला. २०१८ सालीं किलियन झोर्ने हा स्पेन देशांतील कॅटलन धांवपटु तेथें आला आणि त्यानें ती १२ तास ५२ मिनिटांत पुरी केली. त्याला वाट कोणीं दाखविली? त्याच प्रांतांतील डोंगर पाठ असलेल्या स्थानिक धांवणाऱ्यांनीं. आपल्याच शेजाऱ्याचा उच्चांक मोडावयास आलेल्या परक्या माणसाला त्यांनीं टप्प्याटप्प्यानें सोबत केली. आणि शेवटीं मूट हॉलच्या दारांत त्याचें अभिनंदन करावयास स्वतः ब्लंड हजर होते. अटलांटिकच्या पलीकडेहि असाच प्रकार आढळतो. अमेरिकेंतील ॲपलेशियन पायवाट सुमारें २,२०० मैलांची. २०१५ सालीं स्कॉट जुरेक यानें ती ४६ दिवस ८ तास ७ मिनिटांत पार केली. त्या प्रवासांत कार्ल मेल्ट्झर हा त्याचा प्रतिस्पर्धी त्याच्या मदतीस आला होता. पुढल्याच वर्षीं मेल्ट्झरनें जुरेकचा उच्चांक मोडावयाचा बेत केला, तेव्हां त्याला मदत करणाऱ्यांत जुरेक होता. मेल्ट्झरनें ती वाट ४५ दिवस २२ तास ३८ मिनिटांत संपविली. ज्यांना हें जमतें त्यांना उच्चांकाची किंमत कळत नाहीं असें म्हणण्याचें धाडस आम्हांला तरी होत नाहीं. परीक्षेच्या आदल्या रात्रीं शेजारच्या मुलाला टिपणें न दाखविणाऱ्या आपल्या हुशार विद्यार्थ्यांच्या पालकांनीं या दोघांचा थोडा विचार करावा.

याच पायवाटेची आणखी एक हकीकत आमच्या गृहिणी वाचकांच्या ध्यानांत आणून द्यावीशी वाटते. जुरेकच्या आधीं तो उच्चांक जेनिफर फार डेव्हिस या बाईंचा होता. २०११ सालीं त्यांनीं ती वाट ४६ दिवस ११ तास २० मिनिटांत चालून संपविली, तेव्हां रोज रस्त्यारस्त्यांनीं गाडी घेऊन पुढें जाणारे, खाण्यापिण्याची तरतूद ठेवून वाट पाहणारे त्यांचे पति होते. जुरेकच्या वेळीं हेंच काम त्याच्या पत्नीनें केलें. दोघांच्या वेळेंत अंतर फक्त ३ तास १३ मिनिटांचें. म्हणजे सोबत हा बायकांचा धर्म आणि पराक्रम हा पुरुषांचा, ही आपल्या ओटीवरची वांटणी त्या डोंगरांत टिकली नाहीं. जुरेकनें २०१८ सालीं या प्रवासाचें पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यांत पत्नीची बाजू तिच्याच शब्दांत छापली आहे. ऋणनिर्देशाच्या दोन ओळी लिहून त्यानें हिशेब मिटविला नाहीं.

आमच्या विरुद्ध पक्षाचा एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे, आणि त्याला बगल देणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. तो असा, कीं ज्याला मित्र आहेत, मित्रांना रजा आहे, आणि त्यांच्याजवळ गाडी आहे, तोच मदतीनें धांवूं शकतो. ज्याला यांपैकीं कांहींच नाहीं त्याच्यावर हा अन्याय नव्हे काय? दोघांना एकाच तराजूंत घातलें तर निश्चित अन्याय आहे. म्हणूनच या खेळांत वर्ग निराळे केलेले आहेत. सोबतीच्या मदतीनें केलेला प्रवास एका यादींत, वाटेवरच्या दुकानांतून व टपालानें पुढें पाठविलेल्या पुडक्यांतून स्वतःची सोय स्वतः पाहून केलेला दुसऱ्या यादींत, आणि आरंभापासून सारें पाठीवर घेऊन केलेला तिसऱ्या यादींत. २०१५ सालींच हीदर अँडरसन या बाईंनीं तीच ॲपलेशियन पायवाट दुसऱ्या पद्धतीनें ५४ दिवस ७ तास ४८ मिनिटांत पार केली. त्यांच्या आणि जुरेकच्या आंकड्यांत आठ दिवसांचा फरक दिसतो, पण या दोन आंकड्यांची तुलनाच होऊं शकत नाहीं. अँडरसन यांच्यापुढें आम्ही आदरानें मस्तक लववितों. आमचें भांडण एकटें जाणाऱ्यांशीं नाहीं. एकटें जाण्यालाच तेवढें शुद्ध म्हणणाऱ्यांशीं आहे.

कारण त्या शुद्धतेचा शोध घेत थोडें मागें गेलें तर काय दिसतें? ही ॲपलेशियन पायवाट मुळांत आली कोठून? १९२१ सालीं बेंटन मकाय यांनीं तिची कल्पना मांडली आणि १९३७ सालीं ती पुरी जोडली गेली. तिची देखभाल आजहि मोठ्या प्रमाणावर स्वयंसेवक करतात. आडवीं पडलेलीं झाडें ते तोडतात, वाहून गेलेल्या वाटा बांधतात, झाडाखडकांवर पांढऱ्या रंगाचे पट्टे रंगवितात. निबिड अरण्यांत एकटा धांवणारा मनुष्य प्रत्येक वळणावर कोणा अनोळखी माणसानें ओढलेल्या त्या पट्ट्याकडे पाहूनच पुढें जात असतो. टेनेसी संस्थानांतील बार्कली ही शर्यत एकाकीपणासाठीं प्रसिद्ध आहे. तिच्या पांच फेऱ्यांत वाटेवर कोणाचीहि मदत चालत नाहीं. नकाशा व होकायंत्र घेऊन ज्याचा त्यानें मार्ग काढावयाचा. २०२४ सालीं जॅस्मिन पॅरिस या बाईंनीं ती ६० तासांच्या मुदतीपूर्वीं अवघे ९९ सेकंद राहिले असतां पुरी केली. असें करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. परंतु या शर्यतींतसुद्धां एक फेरी संपवून दुसरी सुरू करण्यापूर्वीं तळावर मित्रांचा हात घेण्याची मुभा आहे. तेथें कोणी बूट सोडतो, कोणी भरवितो, कोणी घड्याळ पाहतो. त्या मुभेवांचून हे ९९ सेकंद उरले असते काय, याचें उत्तर शुद्धतावाद्यांनीं द्यावें.

आणि आतां या वादांतील सर्वांत कठीण गोष्ट. २२ मे २०२१ रोजीं चीनमधील गान्सू प्रांतांत डोंगरांतून १०० किलोमीटरची शर्यत झाली. १७२ धांवणारे होते. दुपारीं हवा एकाएकी पालटली. गारा, पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुरू झाला. वाट उंच आणि उघडी, पुष्कळांच्या अंगावर पातळ कपडे, मदत दूर. एकवीस माणसें थंडीनें मरण पावलीं. त्यांत त्या देशांतले नांवाजलेले धांवपटूहि होते. त्याच डोंगरांत जू कमिंग नांवाचा एक मेंढपाळ पावसापासून बचाव करण्यासाठीं एका गुहेंत बसला होता. त्यानें गारठलेल्या माणसांना एकामागून एक आंत आणलें, विस्तव पेटविला, पांघरुणें दिलीं, आणि सहा जणांचे प्राण वांचविले. त्या सहा जणांपैकीं कोणी असें म्हणाला असेल काय, कीं मेंढपाळाच्या पांघरुणानें माझी शर्यत अशुद्ध झाली? उघड्या डोंगरावर मनुष्याच्या अंगांतली ऊब वाऱ्याला लागली कीं त्याच्या बुद्धीवरहि गारठा चढतो. आपण मरत आहों हें त्याला स्वतःला उमगत नाहीं. म्हणून दुसऱ्या माणसाची नजर लागते. सोबत्याचें सर्वांत मोठें काम पाणी देण्याचें नाहीं. "आतां पुरे, खालीं उतर" असें सांगण्याचें आहे. मित्र चिडेल, वर्षभराची तयारी वायां गेली म्हणून रडेल, कदाचित् महिनाभर बोलणार नाहीं. तरीहि तें सांगण्याची छाती ज्याला आहे तोच खरा सोबती. टाळ्या वाजविणारे पुष्कळ मिळतात. हा एक मिळणें कठीण.

आमच्या घरांतील दुसऱ्या मताचें, म्हणजे "यांत तुला काय मिळणार?" या प्रश्नाचें उत्तर येथेंच आहे. केझिकच्या त्या परंपरेंत ज्यानें फेरी पुरी केली तो पुढें दुसऱ्याच्या फेरीला पिशवी घेऊन जातो, ही रीतच पडून गेली आहे. ज्याचें ऋण घेतलें त्यालाच तें परत मिळतें असें नाहीं. पुष्कळदां तें तिसऱ्याच्या पदरीं पडतें. आपल्याकडे ही रीत कोणाला परकी वाटण्याचें कारण नाहीं. एके काळीं पुण्यासारख्या शहरांत गरीब विद्यार्थी वार लावून जेवत: सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या, असे सात दिवस सात घरीं. त्यांतून वकील झाले, डॉक्टर झाले, प्राध्यापक झाले. पुढें यांपैकीं कित्येकांचीं चरित्रें लिहिलीं गेलीं तेव्हां "कोणाच्याहि मदतीवांचून, केवळ स्वतःच्या हिंमतीवर" हें वाक्य त्यांत मोठ्या अभिमानानें घातलें गेलें. सात घरच्या सात चुली एका वाक्यांत विझल्या! त्या मुलांनीं दिव्याखालीं केलेला अभ्यास खोटा नव्हता, जसा डोंगरांतल्या धांवणाऱ्याचा चढ खोटा नसतो. खोटें होतें तें फक्त "कोणाच्याहि मदतीवांचून" एवढेंच. आणि तें खोटें मुलांना शिकविल्याचा परिणाम असा, कीं मदत घेणाऱ्याला आज लाज वाटते आणि मदत करणाऱ्याला आपण व्यवहारशून्य समजतों.

तेव्हां आमची मागणी साधी आहे, आणि तिच्यासाठीं कोणाला पैसा खर्च करावा लागणार नाहीं. आपल्याकडील ज्या शर्यती वाटेंत सोबत्यांना परवानगी देतात त्यांच्या चालकांनीं निकालाच्या पत्रकांत धांवणाऱ्याच्या नांवाखालीं त्याच्या सोबत्यांचींहि नांवें छापावीं. एक ओळ अधिक लागेल, एवढेंच. वर्तमानपत्रांनीं "एकट्यानें" हा शब्द तो खरा असेल तेथेंच वापरावा. आणि ज्या घरांतला मुलगा किंवा मुलगी मित्राच्या शर्यतीसाठीं शनिवारची रात्र डोंगरांत काढून रविवारीं सायंकाळीं चिखलानें माखलेली परत येईल, त्या घरच्या वडील माणसांनीं "तुला काय मिळालें?" असें विचारूं नये. "तो सुखरूप पोंचला ना?" असें विचारावें, आणि आंघोळीचें पाणी तापवून द्यावें.